सायकल, सराटे आणि शिकार

‘शनिवारी शिकारीला येतेस का? सायकलवर!’

मित्राचा हा मेसेज वाचून मी आधी त्याला फोन करून झापलं. तो खो खो हसत म्हणाला, ‘अगं, कॅमेऱ्याची शिकार. मामांकडे ये, खुटबावला. सायकली तिथंच आहेत.’

तर दचकू नका. अमेरिकेत मात्र हे प्रकरण एकदम सीरियस आहे. तिथले कितीतरी जंगलरस्ते मोटारगाड्यांना बंद असतात. मग शिकारी मंडळी जाड टायरची सायकल काढतात. मागे छोटा ट्रेलर, जाताना त्यात तंबू आणि परत येताना मारलेलं हरीण. इंजिनाचा आवाज नाही, पेट्रोलचा वास नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा शौक गुंडाळून ठेवला. चिंकारा तर पहिल्याच अनुसूचीत. मारला आणि गुन्हा शाबित झाला, तर तीन ते सात वर्षं आत.

खुटबाव म्हणजे पुणे-दौंड लाइनवर यवतच्या पुढचं स्टेशन. उतरलं की चारी बाजूंना ऊस आणि हवेत गुऱ्हाळाचा गोड, थोडासा करपट वास. मला पहाटे चारलाच निघायचं होतं, सूर्योदय वगैरे. मामांनी साफ नकार दिला. ‘उसात बिबट्या असतो पोरी. उजाडल्याशिवाय कुणी हलायचं नाही.’ साठी ओलांडलेले मामा, डोक्याला मफलर, बुडाखाली जुनी ॲटलस. आम्ही दोघं भाच्यांच्या गिअरवाल्या सायकलींवर. कोण मागे पडलं असेल, हे सांगायची गरज आहे का?

केडगाव, मग चौफुला, तिथं हायवे ओलांडून सुप्याचा रस्ता. कालव्याचं पाणी मागं पडलं की ऊस संपतो आणि माळ सुरू होतो. आपण या माळाला ‘ओसाड’ म्हणून मोकळे होतो. सरकारी कागदातही तो बराच काळ पडीक जमीनच होता. पण लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक आणि थंडीत येणारे भोवत्या पक्षी यांना हाच ओसाडपणा लागतो. इथं झाडं लावायला निघालेल्या उत्साही मंडळींनी ही ओळ कृपया दोनदा वाचावी.

सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, 1997 साली जाहीर झालेलं. क्षेत्रफळ जेमतेम 5.14 चौरस किलोमीटर. चिंकाऱ्यांना ही हद्द कुणी सांगितलेली नाही, त्यामुळे ते आजूबाजूच्या शेतांतही चरतात. आम्ही आत शिरलोच नाही, बाहेरच्याच गाडीवाटेनं निघालो.

इथं मामांनी मला सायकल शिकवली. म्हणजे नव्यानं! पायडल मारायचं थांबवलं की मागच्या चाकातून कटकटकट आवाज येतो ना, तो माळावर लांबवर जातो. म्हणून हळूहळू पायडल चालूच ठेवायचं. ब्रेक करकचून दाबायचा नाही. आणि हरीण दिसलं तर थांबायचं नाही. ‘सायकलवाला जातोय तोवर ते बघत राहतं. तू उतरून दोन पायांवर उभी राहिलीस, की संपलं.’

‘मामा, तुम्हाला एवढं कसं माहीत?’

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग सरळच म्हणाले, ‘मारायचो ना आम्ही. ससे. ह्याच सायकलीवर. कॅरिअरला जाळं, हँडलला बॅटरी. कायदा होता, पण माळावर कायदा विचारायला येतंय कोण?’

मित्र गप्प. त्यालाही हे नवीन होतं बहुतेक.

पुढच्या वळणावर ती दिसली. मादी, बारीक सरळ शिंगं (हो, चिंकाऱ्याच्या मादीलाही शिंगं असतात) आणि पोटाशी एक पिल्लू. मी शहाण्यासारखी पायडल मारत राहिले. दहा सेकंद. मग मोह झाला, उतरले आणि कॅमेरा काढला. तिनं पुढचा पाय आपटला, शिंकल्यासारखा आवाज केला आणि दोघं दिसेनाशी झाली. फोटोत नुसतं गवत आलं. मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

परतताना मागून एक मोटारसायकल आली. विशीतली दोन पोरं, मागे पळत येणारी दोन काटक कुत्री, मधल्या पोत्यात काहीतरी गुंडाळलेलं. माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून एकानं अगदी गोड आवाजात विचारलं, ‘ताई, हरणं दिसली का? कुठल्या अंगाला?’

आपल्याला कुणी पत्ता विचारला की हात आपोआप वर जातो. माझा गेलाच. मामा मध्येच म्हणाले, ‘काय नाही दिसलं. कुत्र्यांनी पळवली असतील.’ पोरं हसली आणि निघाली. मादी गेली होती त्याच बाजूला.

मामांनी सायकल स्टँडला लावली आणि माझा फोन मागितला. 1926, वन खात्याचा टोल-फ्री नंबर. त्यांनी जागा सांगितली, गाडीचा रंग सांगितला, पोत्याचा आकार सांगितला. ‘जाळं आहे म्हणून कशावरून?’ असं पलीकडून विचारलं असावं, कारण मामा म्हणाले, ‘मला कळतं साहेब.’ स्वतःचं नावही त्यांनी न मागता सांगितलं.

पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. कदाचित ती पोरं खरंच नुसती भटकत असतील. मी तासाभरापूर्वी टाकलेलं स्टेटस उघडलं. गवताचा फोटो, खाली माळाचं लोकेशन आणि ‘चिंकारा सापडला!’ पंचेचाळीस जणांनी पाहिलं होतं. डिलीट केलं.

चौफुल्याच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. गाडीवाट सोडून मी गवतात उतरवली होती ना सायकल, तेव्हाचे सराटे. एका टायरमध्ये अकरा! मामा रस्त्याकडेला मांडी घालून बसले आणि नखानं एकेक काढायला लागले.

‘ॲटलसला लागत नाहीत का हो?’ मी विचारलं.

‘लागतात की,’ मामा म्हणाले. ‘मी वाट सोडत नाही आता.’