घरसंसार : तेलाची कढई आणि गरम हवेची पेटी



पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुले सुटीला गावी येताना पूर्वी मिठाईचा पुडा आणीत. आता यंत्रे आणतात. मिक्सर आला, कुकर आला, इस्त्री आली. सध्या पाळी एअर फ्रायरची आहे. शहरातल्या सुना तो घेतातच, पण गावच्या आईसाठीही एक घ्यावा काय, असे आता बरेच जण विचारतात. जाहिरातींतून याचे उत्तर मिळत नाही, कारण जाहिरात शहरातल्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराची असते. म्हणून आम्ही या वेळी भोर तालुक्यातले हिर्डोशी डोळ्यांपुढे ठेवून लिहीत आहोत. भोरहून वरंधा घाटाने महाडला जाणाऱ्या रस्त्यावरचे, नीरा-देवघर धरणाच्या परिसरातले हे गाव. भाताचा मुलूख, धो धो पाऊस, आणि पावसाळ्यात वारा सुटला की विजेचा भरवसा नाही. जे यंत्र अशा घरात उपयोगी पडेल, ते कुठेही पडेल.

हे यंत्र आहे तरी काय?

नाव फ्रायर असले तरी ते काही तळत नाही. ती एक छोटी भट्टी आहे. वरच्या बाजूला विजेची कॉइल तापते, तिच्याजवळचा पंखा ती गरम हवा जोराने खाली फेकतो, आणि जाळीदार टोपलीतल्या पदार्थाभोवती ती फिरत राहते. त्यामुळे पदार्थाचे वरचे पाणी लवकर उडते आणि पापुद्रा कुरकुरीत होतो. फिलिप्स कंपनीने २०१० साली हे यंत्र युरोपच्या बाजारात आणले, नंतर ते जगभर गेले. यात चमत्कार काही नाही. निखाऱ्यावर भाजणे आपल्या आज्या-पणज्यांना चांगले ठाऊक होते. येथे निखाऱ्याच्या जागी वीज आहे, एवढाच फरक.

आपल्या पूर्वजांच्या घरी तेल होते कुठे? शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाची नोंद केली आहे. त्यात तेल, तूप आणि दूध यांना फारशी जागा नाही, कारण ते परवडतच नव्हते. भाजणे, शिजवणे, वाळवणे यांवर संसार चालला. पुढे चार पैसे हाती आले आणि तळण घरात शिरले. पाहुणा आला की भजी, १४ एप्रिलला वडे, सणाला पुऱ्या. ते आनंदाचेच होते. परंतु महिन्यातून एकदा व्हायचे ते आठवड्यातून तीनदा होऊ लागले, तिथे घात झाला. आज आपल्या वस्त्यांत रक्तदाब आणि मधुमेह नसलेले घर शोधावे लागते.

आधी तेलाचा डबा मोजा

यंत्र घेण्याआधी एक हिशेब करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शिका काढली. दिवसाला दोन हजार उष्मांकांच्या आहारात तिने तेला-तुपाचे प्रमाण सुमारे २७ ग्रॅम धरले आहे, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे. आता आपला डबा पाहा. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे तीस ग्रॅम पडते. पाच लिटर संपत असेल तर ३८ ग्रॅम.

मग पाहा, हे तेल जाते कुठे? आमटीच्या फोडणीत आणि भाजीच्या तवंगात जात असेल, तर एअर फ्रायरने एक थेंबही वाचणार नाही. तिथे चमच्याने मोजून फोडणी घालणे हाच उपाय, आणि त्याला पैसा लागत नाही. तेल तळणात जात असेल, तर मात्र या यंत्राचा विचार करण्यात अर्थ आहे. तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवणे तर अधिकच वाईट. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून नियम केला, की वारंवार तापवून तेलातली घातक द्रव्ये (ध्रुवीय संयुगे) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचे नाही. घरी ते मोजता येत नाही. पण तेल काळे पडले, घट्ट झाले, फेस धरू लागला, की ते फोडणीलाही घेऊ नये.

वीज काय म्हणते?

बाजारातले चार-पाच लिटरचे यंत्र साधारण १,४०० ते १,५०० वॅटचे असते. २३० व्होल्टवर ते साडेसहा अँपिअरपर्यंत वीज ओढते. मोबाईल किंवा टीव्ही लावतो ते बारीक सॉकेट सहा अँपिअरचे असते. त्यात हे लावले तर प्लग तापतो, वितळतो, आगही लागू शकते. मोठे, १६ अँपिअरचे, अर्थिंग असलेले सॉकेटच हवे. एक्स्टेन्शन बोर्ड नको. गावच्या घरात असे सॉकेट नसेल, तर यंत्राच्या किमतीत वायरमनची मजुरीही धरा.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. लांबलेल्या तारेच्या टोकाला असलेल्या घरात संध्याकाळी दिवे मिणमिणतात. व्होल्टेज २३० वरून १८० वर आले तर उष्णता थोडी कमी होते असे नाही, ती सुमारे साठ टक्क्यांवर येते. म्हणजे दीड हजार वॅटचे यंत्र नऊशे वॅटचे होऊन बसते. वीस मिनिटांचे काम अर्ध्या तासावर जाते आणि पदार्थ कुरकुरीत होण्याऐवजी वातड होतो. तेव्हा अशा ठिकाणी संध्याकाळऐवजी दुपारी वापरून पाहावे. घरगुती लहान इन्व्हर्टरवर हे यंत्र चालत नाही. वीज गेली की ते नुसता डबा. म्हणून गॅसची शेगडी आणि तवा यांना रजा देता येणार नाही.

बिलाचे गणित सोपे आहे. दीड हजार वॅट वीस मिनिटे म्हणजे फार तर अर्धा युनिट. रोज एकदा वापरले तर महिन्याला पंधरा युनिट. आपल्या बिलावरच्या दराने गुणून पाहा. मात्र महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटांनंतर दर चढतो. तुमचा वापर नव्वदच्या घरात असेल, तर यातली शंभरापुढची युनिटे महाग पडतील.

घ्यायचा तर कसा?

टोपलीत पदार्थ एकाच थरात, मोकळा बसला पाहिजे. एकावर एक रचले तर गरम हवा फिरत नाही आणि खालचे कच्चे राहते. म्हणून तीन-चार माणसांना चार-पाच लिटरचे यंत्र पुरते. सहा-आठ माणसांच्या घरात त्याच यंत्रावर तीन-तीन घाणे काढीत उभे राहावे लागेल, आणि ते उभे राहणे बाईच्याच वाट्याला येईल. तिथे कप्प्यांचे, दहा-बारा लिटरचे यंत्र घ्यावे, नाहीतर घेऊच नये. गोल फिरवायची बटणे असलेले साधे यंत्र वयस्कर माणसांना सोपे जाते. काचेवरच्या इंग्रजी खुणा वाचता येत नाहीत म्हणून कितीतरी यंत्रे खोक्यातच पडून राहतात. टोपली सुटी विकत मिळते का आणि दुरुस्ती भोरला होईल की पुण्याला न्यावे लागेल, हे दुकानदाराला आधीच विचारा. पावती आणि वॉरंटीचे कार्ड जपून ठेवा. टोपलीला काळा लेप असेल तर तारेची घासणी लावू नका, काथ्याही नको. मऊ कापड आणि साबण पुरे. यंत्राच्या मागे वीतभर जागा मोकळी ठेवा, तिकडून गरम हवा बाहेर पडते.

आपल्या घरात काय जमते?

भरताचे वांगे : तेलाचा हात फिरवून, चार टोचे मारून २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे. मध्ये एकदा उलटावे. टोचे विसरू नका, नाहीतर वांगे फुटते.

रताळी : तशीच, २०० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटे. आकारमानाप्रमाणे वेळ कमीजास्त.

सुके बोंबील : तुकडे करून, पुसून, १६० अंशांवर चार-पाच मिनिटे. वास सुटतो तो सुटतोच. खिडकी उघडी ठेवा, लाज वाटू देऊ नका.

मासळीचे तुकडे : हळद, तिखट, मीठ, आंबट लावून, तांदळाच्या पिठात घोळवून, वर चमचाभर तेल. १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे.

कोथिंबीर वडी, अळूवडी : आधी उकडून, कापून, तेलाचे बोट लावून १८० अंशांवर दहा-बारा मिनिटे.

शेंगदाणे : १६० अंशांवर आठ-दहा मिनिटे. मध्ये दोनदा हलवावे.

पावसाने मऊ पडलेला चिवडा आणि शेव : टोपलीत वाटी ठेवून १२० अंशांवर तीन-चार मिनिटे. हिर्डोशीकडच्या पावसात हा उपयोग सर्वांत मोठा ठरेल.

काय जमत नाही, तेही ऐका. कांदाभजी जमत नाही, ओले पीठ जाळीतून गळते. पुरी फुगत नाही. भाकरी तव्यावरच चांगली. हलका पापड सुटा ठेवला तर पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या कॉइलला चिकटतो आणि जळतो. बटाट्याच्या फोडी करायच्या तर अर्धा तास पाण्यात ठेवून, पुसून घ्या, आणि सोनेरी झाल्या की काढा. बटाट्यासारखे पिठूळ पदार्थ जास्त तापून तपकिरी झाले की त्यांत अॅक्रिलामाइड हे अपायकारक द्रव्य वाढते. तेल कमी वापरले म्हणून ते टळत नाही.

आणखी एक सावधगिरी. हे यंत्र आले की त्याच्या मागोमाग फ्रीजरमध्ये गोठवलेल्या नगेट्सची पाकिटे येतात. त्यांत मीठ भरपूर असते. मुलांना ती पाकिटे म्हणजे प्रतिष्ठेचे अन्न आणि आजीचा भाजलेला बोंबील म्हणजे गावंढळ अन्न, असे वाटू लागले तर तेल वाचवून आपण काय मिळवले? आपल्या ताटाला शतकानुशतके दुसऱ्यांनी नावे ठेवली. ते काम आता आपल्याच मुलांनी करू नये.

खरा प्रश्न पैशाचा आणि अधिकाराचा

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी तरुण सिगालाला गृहस्थाचा धर्म सांगितला आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. एअर फ्रायर पहिल्या भागातून यावा. चौथ्या भागाला हात लावून किंवा हप्ते बांधून येऊ नये. मुलीची फी थकली असताना हप्त्यावर यंत्र आणणे म्हणजे चैनही नव्हे, ते ओझे होय.

गावच्या आईचा विचार करताना आणखी एक पाहा. तिचा गॅस चालू आहे काय? उज्ज्वला योजना २०१६ साली आली, घरोघर शेगड्या पोचल्या. पण सिलिंडर भरायला पैसे नाहीत म्हणून पुन्हा चुलीचा धूर खाणाऱ्या बाया कमी नाहीत. तुमची आई त्यांतली असेल, तर पाच हजारांच्या यंत्राऐवजी त्याच पैशात चार-पाच सिलिंडर तरी भरून द्या. तिची फुप्फुसे वाचतील. गॅस आहे, पण तळण कमी करायचे आहे एवढाच प्रश्न असेल, तर झाकणाचे जाड आप्पेपात्र घ्या. प्रत्येक खळग्यात चार थेंब तेल घालून त्यात वडे उत्तम होतात, आणि वीज लागत नाही.

त्याच सुत्तात पतीची कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा मान राखावा, तिचा अवमान करू नये, आणि घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे सांगणे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये आवर्जून घेतले. आपण मात्र यंत्र आणतो आणि जिने ते वापरायचे तिलाच विचारत नाही. आईला विचारा, ‘तुला हवे काय? लावायला कुठे जागा आहे? काय करशील त्यात?’ तिने नको म्हटले तर तेही उत्तर आहे. आणि घेतलेच, तर एक नियम करा. टोपली भरणे, वेळ लावणे आणि शेवटी धुणे, ही तिन्ही कामे घरातल्या पुरुषांनाही यावीत. नुसते बटण दाबायचे काम आहे, त्याला बाईचाच हात कशाला हवा?

घेण्याआधी वस्तीतल्या चार जणींनी मिळून ज्या घरी यंत्र आहे तिथे एक दुपार काढावी. वांगे भाजावे, मासळी करावी, मीटर पाहावा, चव घ्यावी. मग ठरवावे.

हिर्डोशीवरून जाणारा रस्ता पुढे महाडला जातो. तिथे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत त्यांनी आपल्या आया-बायांना सांगितले, की हीनपणाच्या खुणा अंगावरून उतरवा, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा. जगात जे चांगले आहे त्यावर आपलाही हक्क आहे, हे आपण त्या तळ्याकाठी शिकलो. यंत्रावरही तो आहे. पण हक्क म्हणून घेतलेली वस्तू डोळसपणे घ्यावी. शेजारणीकडे आहे म्हणून नव्हे, तर आपल्या घराला खरेच हवी म्हणून.

नमो बुद्धाय! जयभीम!