डबा संपवला, पण झोप लागते का?
आपल्या घरांत माया जेवणातूनच कळते. लोकलमध्ये घुसमटून रात्री बदलापूरला किंवा विरारला पोचलेल्या माणसाला आई गरम पोळी टाकते आणि बायको आधी डबा उघडून बघते. भाजी निम्मी उरली तर घरभर चौकशी: पित्त झालं का, ऊन बाधलं का? पण महिनाभर झोप नाही, साहेबांचा फोन वाजला की छातीत धडधडतं, हे सांगायची त्याला सवय नाही आणि विचारायची घराला रीत नाही. फार तर ‘टेन्शन घेऊ नकोस’. हे येतं मायेपोटीच, पण त्याने बोलणं तिथेच संपतं. गंमत म्हणजे चौथ्या सीटवर अर्धा बाहेर लोंबकळत बसलेला हाच माणूस गाडीतल्या ग्रुपला सगळं सांगतो. बायकांच्या डब्यात तर मेथी निवडता निवडता सासर आणि ऑफिस दोन्ही निघतं. त्या टिकतात त्या यामुळेच, असा मला दाट संशय आहे. तरी काही दुखणी गप्पांनी हलत नाहीत, त्यांना उपचारच लागतात. मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखाच विमा द्यावा, असं २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. तेव्हा टीव्ही बंद करा, शेजारी बसा, विचारा. उत्तर आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलं, तर हा नंबर लावून फोन त्याच्या हातात द्या.