एक पडदा, दोन ड्युट्या

वन रूम किचनमध्ये कामाचं टेबल मांडलं की टीव्हीला भिंतच उरत नाही. म्हणून मी २७ इंची मॉनिटर घेतला. दिवसा एक्सेल, रात्री क्रिकेट! सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय वायर खोचली की झालं. १९२० बाय १०८० पिक्सेल, म्हणजे फुल एचडीच. रडगाणं आवाजाचं. मॉनिटरचे स्पीकर म्हणजे डब्यात कोंडलेली माशी, आणि काहींना तर तेही नसतात. घेताना मॉनिटरला रिमोट आहे ना, बघा. नाहीतर इनपुट बदलायला अंथरुणातून उठा. जुना डीव्हीआयवाला स्वस्तात मिळाला तरी नको. त्यात एचडीसीपी नसेल तर बॉक्सचं चित्र दिसायचं नाही.

बाकी मजा आहे. फक्त रात्री दहाला, शेवटच्या ओव्हरला, बॉसचा फोन येतो, ‘‘स्क्रीनसमोरच आहेस ना?’’