जिनिंगच्या ठिणगीला वैदर्भी डोळा हवा

1. खामगाव-मलकापूरकडे जिनिंग पेटलं की तोंडात पहिला शब्द येतो तो ‘शॉर्टसर्किट’. पण कापसासोबत आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा पंख्याच्या पात्यावर आदळला तरी ठिणगी पडते. ती रुईत शिरते, आतल्या आत धुमसते आणि गाठ गोदामात गेल्यावर कधीतरी भडकते. तेव्हा टँकर येऊन काय वाचवणार? ठिणगी कापूस वाहून नेणाऱ्या पाइपातच दिसली, तर पंखा थांबवता येतो, तेवढा कापूस बाजूला काढता येतो. ते पाहणारा इन्फ्रारेड डिटेक्टर घडवण्यात आपल्या जिल्ह्याने हात घालावा, अशी माझी मागणी आहे.

2. ‘थर्मल कॅमेरा लावा की!’ गंजीवर नजर ठेवायला जरूर लावा. पण त्यातला मायक्रोबोलोमीटर आधी स्वतः तापतो, मग संकेत देतो. त्याला साधारण 10 मिलिसेकंद लागतात. पाइपात हवा सेकंदाला 15-20 मीटर धावते, म्हणजे तेवढ्या वेळात ठिणगी वीतभर पुढे गेलेली असते. तिथे सेमीकंडक्टरच हवा, ज्यात प्रकाश पडताक्षणी इलेक्ट्रॉन मोकळे होतात.

3. सेमीकंडक्टरची खोड अशी, की तरंगलांबी वाढली की बँड गॅप (इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी ऊर्जा) लहान घ्यावी लागते आणि मग पदार्थाच्या स्वतःच्या उष्णतेनेच इलेक्ट्रॉन सुटू लागतात. त्या गोंगाटात खरा संकेत बुडतो. म्हणून लष्करी कॅमेऱ्यांतलं मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइड बहुतेकदा उणे 196 अंशांच्या आसपास थंड ठेवतात. आपल्याला एवढी मिजास परवडणारी नाही आणि तिची गरजही नाही. 700 अंशांच्या ठिणगीचं प्रारण 3 मायक्रॉनजवळ सर्वाधिक असतं आणि तिथवर लेड सल्फाइड थंड न करताही पाहतं. जगदीशचंद्र बोसांना 1904 साली अमेरिकेत ज्या डिटेक्टरचं पेटंट मिळालं, त्यातलं गॅलेना म्हणजे हेच खनिज. लेड अ‍ॅसिटेट, थायोयुरिया आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात काचपट्टी बुडवून ठेवली की तिच्यावर काळपट, आरशासारखा थर धरतो. बीकरमधलं हे काम एम.एस्सी.ची मुलंही करतात. अवघड भाग पुढचा: तो थर हवेत नेमका किती भाजायचा, म्हणजे त्याला नीट दिसू लागेल.

4. मुख्य मुद्दा हा. डेटाशीटवरचं ‘रूम टेंपरेचर’ बहुधा 25 अंशांच्या आसपासचं असतं. मलकापुरातल्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडला ते कोणी सांगावं? लेड सल्फाइड तापलं की त्याचा रोधही घटतो आणि संवेदनशीलताही. शिवाय डिटेक्टरच्या काचेवर रुईची धूळ बसते ती वेगळीच. तयार आयात यंत्रं मिळतात. ज्यांना परवडतं त्या जिनांनी ती आजच घ्यावीत. पण 44 अंशांत टिकणारा थर इथल्या उन्हातच तपासला पाहिजे. शेगाव-खामगावच्या कॉलेजांनी थर करावेत, एखाद्या जिनमालकाने पाइपाला भोक पाडू द्यावं आणि सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूरमधल्या जिनिंग प्रशिक्षण केंद्राचा सल्ला घ्यावा. पैशांसाठी जिल्हा वार्षिक योजनेतलं ‘नावीन्यपूर्ण योजना’ हे शीर्ष आहेच. 2021 साली केंद्राने सेमीकंडक्टरसाठी 76,000 कोटींची योजना मंजूर केली, म्हणून आपण लगेच फॅब, म्हणजे चिपचा कारखाना, मागायला धावू नये.

5. शिसं विषारी आहे. उरलेलं द्रावण प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये ओतायचं नाही. साठवून, नोंद ठेवून, घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडे द्यायचं. मंजुरीच्या पत्रात ही अट पहिली लिहावी, निधीचा आकडा त्याखाली.