खतावणी यंत्रे भंगारात काढण्यापूर्वी

भारतीय बँकांच्या संगणकीकरणाचा इतिहास सांगताना एटीएम, कोअर बँकिंग आणि यूपीआय यांची नावे अग्रक्रमाने घेतली जातात. त्या सर्वांच्या आधी, १९८० च्या दशकात, शाखांमध्ये जे यंत्र येऊन बसले त्याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. ‘अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’, म्हणजेच कर्मचाऱ्यांच्या तोंडचे ‘एएलपीएम’, हे त्याचे नाव.

या नावातच त्या काळाचे राजकारण दडलेले आहे. वस्तुतः तो संगणकच होता. परंतु ‘संगणक’ या शब्दाभोवती नोकरकपातीची भीती दाटलेली असल्याने ‘खतावणीचे यंत्र’ हे सौम्य नाव सर्वांनाच सोयीचे होते. इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यातील १९८३ च्या कराराने यांत्रिकीकरणाला मर्यादित वाट करून दिली. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या डॉ. सी. रंगराजन समितीने १९८४ मध्ये त्याचा आराखडा मांडला आणि १९८७ च्या करारानंतर ही वाट रुंदावली. संघटनांच्या त्या सावधगिरीला मागासलेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. हाताने खतावणी लिहिणारेच पुढे कळफलकावर बसले, हे त्या संथ गतीचे श्रेय आहे.

यंत्राची कुवत आज हास्यास्पद वाटेल. त्या पिढीचे जगन्मान्य प्रमाण म्हणजे १९८३ चा आयबीएम पीसी एक्सटी: प्रक्रियकाचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ, आतील डिस्क १० मेगाबाईटची. सव्वापाच इंची फ्लॉपीत ३६० किलोबाईट, म्हणजे सुमारे साडेतीन लाख अक्षरे मावत. एकरंगी पडदा आणि करकरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर एवढा त्याचा संसार. एएलपीएम एकेकटे काम करीत. दुसऱ्या यंत्राला माहिती द्यायची तर फ्लॉपी हातानेच न्यावी लागे. नव्या यंत्रावर विश्वास बसेपर्यंत अनेक ठिकाणी हाताची खतावणीही चालूच राहिली. दिवसअखेर दोन्हींचा ताळा जुळवताना कर्मचाऱ्यांचे कष्ट दुप्पट होत.

हे स्मरणरंजन म्हणून सोडून देता येईल काय? तसे वाटत नाही. कोअर बँकिंगकडे जाताना प्रामुख्याने चालू खात्यांच्या शिलकी पुढे गेल्या, खाते क्रमांक बदलले. बंद खाती आणि जुने व्यवहार बहुधा कागदावर वा फ्लॉपीतच राहिले. याची झळ कोणाला बसते, हे पाहण्यासाठी रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यासारखी जुनी वस्ती डोळ्यांसमोर आणावी. शेजारच्या तात्यापाऱ्याचे नाव मराठी कानाला लगेच ओळखीचे वाटते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या शहराचा मराठी माणसांशी संबंध आहे. अशा वस्त्यांतील मुले नोकरीनिमित्त दूर जातात, घरे विकली जातात आणि कधीतरी एखाद्या ट्रंकेतून आजोबांचे पासबुक निघते. त्यावरचा क्रमांक आजच्या प्रणालीत सापडत नाही. नाव शोधावे, तर जुन्या यंत्राच्या ठरावीक रुंदीच्या रकान्यात लांब नाव मावत नसे. आडनाव मध्येच तुटे, तेही रोमन लिपीत आणि नोंदवणाऱ्याच्या मर्जीच्या वर्णलेखनात.

दहा वर्षे दावा न झालेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे जातात. एकट्या सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी फेब्रुवारी २०२३ अखेरपर्यंत अशा सुमारे ३५ हजार कोटी रुपयांच्या ठेवी वर्ग केल्या होत्या. त्यांच्या शोधासाठी त्याच वर्षी ‘उद्‍गम’ हे संकेतस्थळ सुरू झाले, ही स्तुत्य गोष्ट. पण तेथेही शोध घ्यायचा तो नावावरूनच. जुनी नोंद वाचता आली, तर वारसाचे काम पुष्कळ सोपे होईल.

ही नोंद वाचायला यंत्र लागते. फ्लॉपीच्या चुंबकीय थराला दमट हवेत बुरशी लागते. युनिक्स प्रणालीवर लिहिलेली फ्लॉपी आजच्या विंडोजला कळत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरच्या अनेक संगणकांत मुख्य फलकावर निकेल-कॅडमियमची बॅटरी असे. ती गळली की तांब्याच्या बारीक वाटा खाऊन टाकते. कपाटात सुरक्षित ठेवलेले यंत्र असे आतून मरते. ती बॅटरी काढून ठेवण्यास पाच मिनिटे पुरतात, पण तेवढे करणार कोण?

जुनी साधने बाळगल्यास ग्राहकांची गोपनीयता धोक्यात येते, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. ई-कचऱ्याचे नियमही २०११ नंतर उत्तरोत्तर कडक झाले आहेत. परंतु नष्ट करण्यापूर्वी प्रत घेण्यास नियमांची आडकाठी नाही. प्रत्येक विभागीय कार्यालयाने एक चालते यंत्र राखावे, शाखांतील फ्लॉप्या तेथे मागवून त्यांच्या प्रती घ्याव्यात आणि मगच मूळ साधने अधिकृत पुनर्चक्रणाकडे सोपवावीत. दालनात काचेमागे मांडून ठेवलेल्या बंद यंत्रापेक्षा हे अधिक उपयोगाचे.

आणखी एक काम यंत्राने होणारे नाही. कोणत्या रकान्यात काय भरले जाई, कोणती खूण बंद खात्याची, शाखेपुरता ठरलेला संकेत कोणता, हे ज्यांनी ती यंत्रे चालविली त्या सेवानिवृत्तांनाच ठाऊक आहे. १९८५ साली तिशीत असलेला कर्मचारी आज सत्तरीच्या घरात आहे. त्याला आताच बोलावून हे लिहून घेतले पाहिजे.