खर्जाचा अभ्यास

चाळिशी उलटल्यावर बास गिटार शिकू म्हणणाऱ्यास घरचीच माणसे विचारतात, "आता बोटे वळतील का?" सरावाने बोटे वळतात. अधिक अवघड जाते ते जाणत्या मनुष्याला पुन्हा नवशिका होणे.

काशीत १९२० साली जन्मलेले रविशंकर दहाव्या वर्षी पॅरिसला गेले आणि थोरले बंधू उदयशंकर यांच्या नृत्यपथकाबरोबर देशोदेशी हिंडले. तो लौकिक सोडून १९३८ साली ते मैहरला उस्ताद अल्लाउद्दीनखाँ यांच्याकडे सतार शिकण्यास राहिले. अठरा वर्षे म्हणजे चाळिशी नव्हे. तथापि मिळालेला मान बाजूला ठेवून शिष्याच्या आसनावर बसणे त्यांनाही चुकले नाही. पुढे त्यांच्या सतारीतील खर्जाच्या जाड तारांनी आलापाला गांभीर्य दिले.

आधुनिक वाद्यवृंदात हेच खर्जाचे काम बास गिटारकडे असते. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी आपली बास गिटार बाजारात आणल्यावर या वाद्याचा प्रसार झाला. तिला बहुधा चार जाड तारा असतात आणि एका वेळी प्रायः एकच स्वर वाजतो. तो ठेक्याला धरून उमटावा व वेळीच थांबावा, यातच खरी कसोटी आहे. म्हणून आरंभी तबल्याच्या संथ ठेक्याबरोबर रोज वीस मिनिटे एकच तार छेडावी. गती मागाहून येते.

श्रोत्यांना खर्जाचा स्वर सहसा वेगळा जाणवत नाही, पण तो ढळला की सारे गाणे डळमळते. कुटुंबाचा भार वर्षानुवर्षे असाच निमूटपणे वाहिलेल्या गृहस्थास वा गृहिणीस हे काम परके वाटू नये.