प्रवाळ म्हणजे दगड नव्हे!

मालवणच्या समुद्राचा २९.१२ चौरस किलोमीटरचा पट्टा १९८७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. प्रवाळ २००१ पासून कायद्याने वाघाच्याच अनुसूचीत आहे. वाघाच्या पाठीवर पाय देऊन कुणी फोटो काढील काय? मग सुट्टीत घाट उतरून गेलेले आपण प्रवाळावर खुशाल उभे कसे राहतो?

तो दगड नव्हे. सूक्ष्म जिवांनी चुन्याची घरे बांधून उभारलेली ती वस्ती आहे. तिथे माशांची पिल्ले आसरा घेतात. वर्षानुवर्षांची ही वाढ होडीचा एक नांगर क्षणात मोडतो.

“सगळा समुद्रच तापतोय, मग एका नांगराचे काय घेऊन बसलात?” ही पळवाट झाली. पाणी तापले की प्रवाळ स्वतःला पोसणारे शेवाळ अंगाबाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. पाणी वेळेत निवले तर सावरतोही. पण आधीच मोडलेला, गाळाने गुदमरलेला प्रवाळ कसा सावरणार? तापाने फणफणलेल्याला कुणी लाथ मारीत नाही.

सरकारने होड्या बांधायला कायमचे बोये द्यावेत. तोवर आपण होडीवाल्याला बजावावे : नांगर वाळूत टाकणार असशील, तरच आम्ही चढतो.